पाण्याच्या दिवशी मोतीराम आत

बाळांनो, जरा डोळे मिटा. पापणीच्या फटीतून बघायचं नाही, मला इथून सगळं दिसतं. आता असं समजा, की तुम्ही एका घरात आहात. दाराला बाहेरून कुलूप नाही, कडी नाही. तुम्ही काही फोडलेलं नाही, कोणी शिक्षाही केलेली नाही. तरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. घरात दुसरं माणूस नाही. भांडायला नाही, हाक मारायला नाही. टीव्हीचा रिमोट सगळा तुमच्या एकट्याचा, आणि तरी मजा येत नाही. समजलात? मग उघडा डोळे. लॉकडाऊनच्या दिवसांत गारखेड्यातल्या मोतीराम आजोबांचं अगदी असंच झालं होतं.

मोतीराम एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत माईकसमोर बसून, "बिडकीनमार्गे पैठणकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे," असं सांगणारे. गाडी उभी नसली तरी त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवून माणसं फलाटाकडं पळायची. निवृत्त झाले, माईक गेला, आवाज मात्र घरी आला. त्यांच्या बायको मनकर्णाबाई म्हणायच्या, "ह्यांनी मीठ मागितलं तरी शेजारच्या बिल्डिंगमधले लोक सामान उचलतात."

आता आपल्या शहरातलं पाणी. ते रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ते पाहुण्यासारखं येतं. कधी येणार ते नीट सांगत नाही, आलं की हातातलं काम टाकून त्याच्याकडं बघावं लागतं, आणि जरा टेकलं की निघतो म्हणतं. मोतीरामांच्या छोट्या इमारतीत ते आधी अंगणातल्या हौदात घ्यायचं आणि मग मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. ऐकायला सोपं आहे. पण नळाला आधी फुस्स करून नुसती हवा येते, मग चहासारखं गढूळ पाणी येतं, ते सोडून द्यायचं, स्वच्छ झालं की हौदाचा कॉक उघडायचा. या कारभाराचे प्रमुख मोतीराम. त्यांना कोणी नेमलं होतं? कोणी नाही. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी नियंत्रणात ठेवावं लागतं, नाहीतर तो बायकोच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागतो. मनकर्णाबाईंनीच त्यांना मोटारीकडं पाठवलं असावं, असा माझा अंदाज आहे.

मोतीराम तळमजल्यावर राहायचे, पहिल्या मजल्यावर कडूबाई. मूळच्या बिडकीनकडच्या, मेंढरांमागं आयुष्य काढलेल्या, आता मुलगा हनुमान कंपनीत होता म्हणून शहरात. एकदा या हनुमाननं मोटार सुरू केली आणि तो दाढी करायला गेला. दाढी होईपर्यंत टाकी भरून वाहिली, हौद रिकामा झाला, आणि सगळं पाणी गच्चीवरून रस्त्याला. त्या दिवशी मोतीरामांनी मोटारीच्या बटणाला पत्र्याचा डबा बसवला आणि डब्याला कुलूप घातलं. कुलूप असं दणकट, की त्यात नुसतं बटण नाही, एखादी बँक राहिली असती. एक किल्ली घरात, बुद्धांच्या फोटोखालच्या खिळ्याला. दुसरी मनकर्णाबाईंच्या कमरेच्या जुडग्यात. "आता माझ्याशिवाय मोटार चालू होणार नाही," मोतीराम म्हणाले होते. हे वाक्य बोलताना माणसानं पुढचा विचार करायला हवा.

झालं असं, की मनकर्णाबाई लेकीच्या, म्हणजे मेघाच्या बाळंतपणाला पैठणला गेल्या आणि इकडं मोतीराम पुण्याला पुतण्याचं, बुद्धभूषणचं नवं घर बघायला गेले. परत आले आणि लॉकडाऊन लागला. बायको तिकडं, नवरा इकडं. त्यातून पुण्याहून आलेला. दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी मोतीरामांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारला, दारावर कागद चिकटवला आणि सांगितलं, "काका, शिक्क्यावरची तारीख उलटेपर्यंत बाहेर यायचं नाही. कोणाला आत घ्यायचं नाही."

"मला काही झालेलं नाही," मोतीराम म्हणाले.

"होऊ नये म्हणूनच, काका."

मोतीराम आत बसले. आत बसले तरी कपडे इस्त्रीचे. सकाळी उठून दाढी, शर्ट, खिशाला पेन. मग खिचडी. पहिल्या दिवशीची खिचडी ताटात ओतता आली, दुसऱ्या दिवशीची कापता आली. बोलायला कोणी नाही म्हणून ते स्वयंपाकघरातच घोषणा द्यायला लागले. "खिचडी काही तांत्रिक कारणामुळे उशिरानं सुटेल. प्रवाशांनी सहकार्य करावं." वरून हसू ऐकू यायचं. ते श्रेयाचं. हनुमानची मुलगी, चौथीतली. तिची आई अंबिका दवाखान्यात नर्स. त्या दिवसांत ती दवाखान्याच्याच वसतिगृहात राहायची, अधूनमधून फाटकाशी येऊन लांबूनच लेकीला बघून जायची. त्यामुळं लांबून बोलायची श्रेयाला सवय होती. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, मोतीराम खिडकीत, मध्ये अख्खं अंगण. तिथून ते तिला पाढे विचारायचे आणि ती त्यांना विचारायची, "आजोबा, आज खिचडी कोणत्या फलाटावर?"

एक गोष्ट सांगायला हवी. कडूबाई रोज सकाळी मोतीरामांच्या पायरीवर दुधाची पिशवी ठेवायच्या आणि झपझप मागं सरकायच्या. मग ओरडायच्या, "घ्या भाऊ आता." काळजीनंच करायच्या. पण मोतीरामांच्या वडिलांना लहानपणी लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. ते का, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. नाही शिकवलं तर मला येऊन विचारा. तेव्हाचं कारण खोटं होतं आणि आताचं खरं होतं, हे मोतीरामांना चांगलं कळत होतं. तरी दुधाची पिशवी उचलताना रोज त्यांचा हात जरा थांबायचा.

तर अशात एके दिवशी पाणी सोडणाऱ्या लाईनमनचा फोन आला: उद्या तुमच्या लाईनला पाणी. टाकीत तळाशी थोडंच उरलेलं. उद्याचं पाणी वर चढलं नाही, तर पुढच्या पाळीपर्यंत सगळी इमारत कोरडी. आणि हात तर सारखे धुवा म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सत्यशीला मॅडम, इमारतीच्या सेक्रेटरी, तातडीनं गॅलरीत आल्या.

"काका, मोटारीची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"आहे की. देतो."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. किल्ली आत होती. म्हणजे किल्लीसुद्धा मोतीरामांबरोबर कोंडलेली होती. तिला शिक्का मारला नव्हता एवढंच.

"काका, तसं नाही हं," मॅडम म्हणाल्या, "पण किल्लीला तुमचा हात लागलेला असणार."

"मोटारीची किल्ली आहे, मॅडम. तिला पाय कसा लावू?"

"उकळा की भाऊ," कडूबाईंनी तोडगा काढला. "लेकराची दुधाची बाटली उकळत्यात तशी उकळा. काय होत नाय."

मोतीरामांनी किल्ली चहाच्या पातेल्यात उकळली. उकळी आली म्हणून सवयीनं आलंही टाकलं. तेवढ्यात हनुमान म्हणाला, "काका, नुसतं उकळून चालत नाय, सॅनिटायझर मारा." मारलं. मॅडम म्हणाल्या, ऊन दाखवलेलं बरं. दाखवलं. खिडकीत बसून मोतीराम किल्लीवर कावळा येऊ नये म्हणून राखण करत होते. ऐंशी गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ सांगणारा माणूस एका किल्लीला ऊन घालत बसला होता.

आता किल्ली बाहेर द्यायची कशी? पायरीवर ठेवली तर पायरी धुवावी लागेल, आणि धुवायला पाणी नाही. शेवटी असं ठरलं: हनुमाननं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची बादली खिडकीखाली आणून ठेवायची, मोतीरामांनी गजातून वायपरचा दांडा बाहेर काढायचा, दांड्याला किल्ली, आणि किल्ली बादलीत सोडायची. मॅडमनी वरून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत भिजू दे. मग हनुमान, तू काढून घे." किल्ली डुबकन पडली. टाळ्या वाजल्या. मोतीरामांना टाळ्या आवडल्या नाहीत, पण काम झालं होतं.

संध्याकाळी हनुमान किल्ली काढायला आला. बादली पालथी, कोरडी, जिन्याखाली ठेवलेली.

"आई, हितलं पाणी?"

"वाया कशाला घालवायचं? जिना पुसून काढला, उरलेलं मोरीपुढं वतलं. नाली बघ कशी पांढरीफेक झाली."

कडूबाईंना किल्ली उकळायचं माहीत होतं. बादलीचं ठरलं तेव्हा त्या भाकरी टाकायला आत गेल्या होत्या. आणि उन्हाळ्यात भरली बादली नुसती उभी बघून कुठली मराठवाड्यातली बाई गप्प बसेल? नालीवरची जाळी मोतीरामांनीच उंदरांसाठी बसवलेली. तिची भोकं उंदराला लहान होती, किल्लीला पुरेशी होती.

मोतीरामांनी पैठणला फोन लावला. मनकर्णाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किल्ली बादलीत टाकायची अक्कल कोणाची?"

"सर्वांची."

"माझी किल्ली माझ्या कमरेला आहे. म्हणजे बघा, तुमचं पाणीही इथलं, जायकवाडीचं, आणि किल्लीही इथं. पाणी तेवढं निघालंय तिकडं. किल्लीला पास मिळत नाही."

"कुलूप तोडावं लागेल," मोतीराम हळू म्हणाले.

"मग तोडा. कुलूप आहे, नातेवाईक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुस्स झालं. मोतीरामांचे कान टवकारले. "हवा आली," त्यांनी खिडकीतून जाहीर केलं. "आता गढूळ येईल. प्रवाशांनी घाई करू नये." हौद भरायला लागला. एकीकडं हनुमान वरवंटा घेऊन कुलपाला भिडला. एक घाव, दुसरा घाव, हनुमान घामाघूम, कुलूप जसंच्या तसं. प्रत्येक घावाला मोतीराम खिडकीत डोळे मिटायचे. शेवटी कुलूप नाही तुटलं, डब्याचं दारच बिजागरीतून निखळलं आणि कुलपासकट लोंबायला लागलं.

"बघ, कुलूप नाही तुटलं," मोतीराम म्हणाले. इतक्या दुःखातही माणसाला समाधान लागतं.

हनुमाननं बटण दाबलं. मोटार घूं घूं करायला लागली. वर टाकीशी उभ्या मॅडम ओरडल्या, "काहीच येत नाही."

मोतीरामांनी आवाज ऐकला आणि लगेच ओळखलं. मोटारीनं हवा धरली होती. तशीच चालवली तर जळणार, आणि सगळी दुकानं बंद असताना जळलेली मोटार कोण बांधून देणार? "बंद कर," ते ओरडले. पण तेव्हा सगळेच ओरडत होते. हनुमान म्हणाला, लाईट कमी येतेय, थोडी चालू राहू दे. मॅडम वरून म्हणाल्या, पाईप हलवून बघ. कडूबाई म्हणाल्या, नारळ फोडला नव्हता म्हणून. मोतीराम गजाला धरून ओरडत राहिले. स्टँडवर हजार माणसं ज्या आवाजाला पळायची, तो आवाज तीन माणसांत कोणी ऐकेना. मग ते खिडकी सोडून दाराकडं निघाले. दार उघडलं, एक पाय उंबऱ्यावर आला.

"काका, शिक्का," मॅडम वरून म्हणाल्या.

नुसतं एवढंच. जणू ते त्यांचं नावच होतं. मोतीरामांनी पाय मागं घेतला. बरोबरच होतं मॅडमचं. म्हणून तर जास्त लागलं.

"आजोबा," जिन्याच्या पायरीवरून श्रेया म्हणाली, "आधी काय करायचं?"

इतक्या गोंधळात हे विचारणारी ती एकटी. मोतीराम खिडकीत परत आले. शर्टाची कॉलर नीट केली.

"आधी बाबांना सांग, बटण बंद. आणि वायर भिंतीतून उपटून हातात धरून उभं राहायचं. ती वायर त्यांच्या हातात दिसल्याशिवाय तू मोटारीजवळ जायचं नाही."

मुलांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा, आणि मोठं माणूस जवळ नसताना मोटारीला हात लावू नका, नाहीतर ही गोष्ट सांगितल्याबद्दल तुमच्या आया माझ्याकडं येतील.

हनुमान वायर धरून उभा राहिला. मोतीराम एकेक पायरी सांगायला लागले आणि अंगणातला आरडाओरडा हळूहळू थांबला. "हौद कोरडा पडला की मोटारीला तहान लागते. तिला पाणी पाजल्याशिवाय ती आपल्याला पाजणार नाही. वरचा पितळी नट दिसतो? डावीकडं फिरव. हं. आता तांब्या घे आणि बारीक धार धर. बुडबुडे येतायत?"

"येतायत."

"ते थांबेपर्यंत ओतायचं. घाई नाही. पुढची गाडी आपलीच आहे."

"थांबले."

"आता नट उजवीकडं. घट्ट. अजून थोडा. झालं. मागं हो, पार माझ्या खिडकीच्या रेषेपर्यंत. हनुमान, लाव."

मोटार आधी खोकली, मग तिचा आवाज जड झाला. तो आवाज ऐकून मोतीरामांनी डोळे मिटले. वरून मॅडम म्हणाल्या, "आलं, आलं." सगळे आपापल्या घरी नळ उघडायला पळाले. घागरी, टब, कुकर, पातेली, फुलदाण्या, जे सापडेल ते भरलं. मोतीरामांनी त्या दिवशी फक्त एक कप चहा केला आणि तो जरा आल्याचा झाला.

पुढची पाळी आली तोवर शिक्क्यावरची तारीख उलटून गेली होती. आरोग्य खात्याची बाई येऊन दारावरचा कागद काढून गेली. "काका, तुम्ही मोकळे," ती म्हणाली. पण निवडणुकीची शाई ती, हातावरून काही जाईना. लाईनमनचा फोन आला तशी मोतीरामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. तेवढ्यात मॅडम जिन्यावरून म्हणाल्या, "काका, तुम्ही आणखी थोडे दिवस आरामच करा. घाई कशाला? आता श्रेयाला येतंच सगळं. मी बटण दाबेन, ती पाणी ओतेल."

"व्हय भाऊ," कडूबाई म्हणाल्या. "शाई निगू द्या आधी. हनुमानची कंपनी सुरू झाली, त्याला काय येळ नाय, पण पोरगी करती की."

"हो, हो," मोतीराम म्हणाले. "मलाही जरा पेपर वाचायचाच होता."

पेपर येणं बंद होतं. ते खिडकीत बसले. एवढे दिवस आत राहायला सांगितलं होतं, ते सोपं होतं. आज बाहेर या म्हणून कोणी सांगत नव्हतं, ते अवघड गेलं. बाळांनो, मोटार ही काही फार मोठी गोष्ट नाही. पण ती गेली तर आपल्याला अंगणात यायला काही कारणच उरणार नाही, असं त्यांना वाटलं.

फुस्स झालं. गढूळ गेलं, स्वच्छ आलं, हौद भरला. मॅडम वायर हातात धरून उभ्या राहिल्या. श्रेया तांब्या घेऊन मोटारीपाशी गेली, तिथं वाकली, थोडा वेळ काहीतरी केलं आणि उठून उभी राहिली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"अगं, त्या दिवशी केलंस ना," मॅडम म्हणाल्या. "नट कुठला ते?"

"आठवत नाही."

"पाढे म्हणतीस एकोणतीसपर्यंत आन् नट आठवत नाय?" कडूबाई म्हणाल्या.

"नाही आठवत, आज्जी."

"अगं, पाणी जाईल ना गं," मॅडम रडकुंडीला आल्या. "मी त्याला हात लावणार नाही, मला भीती वाटते. कडूबाई, तुम्ही?"

"मी मेंढराला पाणी पाजलंय, मोटारीला नाय."

श्रेया तोवर अंगण ओलांडून मोतीरामांच्या पायरीवर जाऊन बसली होती. चांगली मांडी घालून, तांब्या मांडीत घेऊन. "आई फोनवर म्हणाली, दिवस भरले की भीती नसते. शाई नुसती शाई असते," ती कोणाकडंही न बघता म्हणाली. "आजोबांना सगळं येतं. मला काहीच येत नाही."

कडूबाईंनी सत्यशीला मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी हातातल्या वायरीकडं पाहिलं. मग त्या घसा साफ करून म्हणाल्या, "काका, जरा येता का?"

दार उघडलं. मोतीराम बाहेर आले. उन्हानं त्यांचे डोळे किलकिले झाले. कडूबाई सवयीनं मागं सरकल्या, मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं आणि त्या होत्या तिथं परत येऊन उभ्या राहिल्या. श्रेयानं तांब्या पुढं केला. मोतीरामांनी तो शिक्क्याच्या हातानंच घेतला. मोटारीपाशी बसून त्यांनी पितळी नटाला बोट लावलं.

नट आधीच सैल केलेला होता. डावीकडं, अगदी शिकवला तसा.

मोतीरामांनी मान वर करून पाहिलं. श्रेया पायरीवर बसून पलीकडच्या भिंतीवरच्या मुंग्या मन लावून बघत होती.